तांब्याभर पापडखार

घेवरचंद शेठनी तांब्या पुढं धरला आणि चिमाजीनं तोंड फिरवलं.

वारूळवाडीचा आखाडा माणसांनी गच्च भरला होता. हलगी कडकडत होती. जुन्नरचा सावळेराम मांडीवर थापा मारत केव्हाचा समोर उभा. आणि हा आहुप्याचा गडी, शेठच्या दुकानात पोती वाहणारा, लंगोट कसून नुसता मातीकडं बघत होता.

"पी ना रे," शेठ म्हणाले. "दर कुस्तीआधी पितोस. आजच काय झालं?"

तांब्यात पापडखार कालवलेलं पाणी. युक्ती शेठचीच. चवीला शी! पण ते पोटात गेलं की हातपाय लवकर भरून येत नसत, हे चिमाजीलाही पटलेलं. ढेकर मात्र असा दणदणीत यायचा की लोक हसून ओरडायचे, "आला रे, शेठचा खार आला!"

तिथंच सगळं बिनसलं. गेल्या जत्रेत त्यानं भलेभले गडी लोळवले, आणि लोकांनी खांद्यावर घेतलं कुणाला? शेठना! दुसऱ्या दिवशी दुकानात पापडखाराला ही झुंबड. पैलवानाचं नाव कुणी विचारलं नाही. अरे, पोती वाहून पाठ सोलली ती कुणाची? पहाटे उठून जोर काढले ते कुणी? खारानं?

"शेठ, आज नगं."

"हरशील, बाबा!"

"हरीन की."

त्यानं तांब्या घेतला आणि सगळ्यांदेखत उपडा केला. "मेला आता!" कुणीतरी ओरडलं.

कुस्ती लई रंगली. चिमाजीनं सावळेरामाला दोनदा खाली घेतलं, दोन्ही वेळा तो निसटला. मग चिमाजीच्या मांड्या पेटल्या, दंड ऐकेनात. एरवी इतक्यात असं होत नसे, हे त्याला पुरतं कळत होतं. तरी तो झोंबत राहिला. शेवटी सावळेरामानं पट काढला आणि त्याची पाठ मातीला लावली.

शेठ धावत आत आले. "सांगत होतो ना! खार नाही घेतलास, म्हणून हरलास!"

"खरं हाय राव," भोवतीच्यांनी माना डोलावल्या.

चिमाजी उठला. तोंडातली माती थुंकला. चेहऱ्यावर हसू होतं.

"शेठ, जिंकलो तवा तुमचा खार जिंकला. कबूल. आज त्यो पोटात नव्हता. म्हंजी आज हरला त्यो चिमाजी हरला. त्यात कुणाचा वाटा न्हाई."

हलगीवाला सावळेरामाचं नाव पुकारायला निघाला होता. हरलेल्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती. चिमाजीनं त्याचा दंड धरला.

"आधी माझं पुकार. आहुप्याचा चिमाजी पडला म्हणून पुकार. आन् मोठ्यानं!"