औषधाचा गुण

मेडशीच्या पौर्णिमानं तुतीच्या पाल्यावर नवं नॅनो औषध फवारलं आणि रेशमाची एकही अळी आजारी पडली नाही. हा चमत्कार पाहायला औषध देणारे साहेब, पुढारी, पत्रकार अत्तर लावून, धूळभरल्या बुटांनी थेट अळ्यांच्या शेडमध्ये शिरले. सत्कार झाला, फोटो निघाले आणि आठवड्याच्या आत, वास नि धूळ न सोसणाऱ्या त्या सगळ्या अळ्या मरून पडल्या. पौर्णिमा ढसाढसा रडली.

पुढच्या खेपेला तिनं तेच औषध फवारलं. टरारलेल्या अळ्या पाल्याचा फडशा पाडत असतानाच साहेबांचा फोन आला.

"काय म्हणतंय आमचं औषध? या वेळी मंत्र्यांनाच घेऊन येतो!"

पौर्णिमानं शेडचं दार हळूच लोटून घेतलं.

"काय सांगू साहेब, याबी खेपेले एकबी अळी नाई वाचली!"