शुक्रवारचं दार

बिजागऱ्यांच्या कारखान्यातल्या तपासनीसाने नवीनच मिळालेली शुक्रवारची सुट्टी साहेबांना परत केली. साहेब म्हणाले, आठवडा चार दिवसांचा करताना सगळ्याचा विचार झाला होता, पण कोणी सुट्टी परत आणून देईल याचा झाला नव्हता. ती ठेवायला आपल्याकडे जागा नाही. तेव्हा तुम्ही आला नाहीत आणि मी ऐकलं नाही. साहेबांचा शब्द मोडायचा नसतो. म्हणून त्याने सुट्टी परत केलीच नव्हती असं धरून, आपण शुक्रवारी सकाळी थेट त्याच्या घरी जाऊ.

घरी तो उंबऱ्याशी उकिडवा बसून बाहेरच्या दाराच्या बिजागरीतलं तेल पुसत होता. ते तेल त्यानेच घातलं होतं, मागच्या शुक्रवारी. पहिलीच सुट्टी, बायको दवाखान्यात कामाला गेलेली, करायला काही नाही. कारखान्यात दिवसभर दारं उघडायची, मिटायची आणि जी बिजागरी कुरकुरेल ती बाजूला काढायची, हे त्याचं काम. हात शिवशिवायला लागले. संध्याकाळपर्यंत घरातल्या एकाही दाराच्या तोंडून आवाज निघेनासा झाला. त्याला वाटलं, घरचे खूश होतील.

त्याच्या आईला दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, सूनबाई चिडली आहे की नुसती दमली आहे, हे सगळं ती बाहेरच्या दारावरून ओळखायची. दार मुकं झालं त्या संध्याकाळी सुनेने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, आणि आई अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरची माणसं तोंडातला घास तोंडात ठेवून खाली आली. तेव्हापासून आई भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसून होती. जेवणही तिथेच. मधूनच रिकाम्या घराला विचारायची, कोण आहे? घर उत्तर देत नसे, आणि मग तिचा संशय आणखी बळावे. आज सकाळी निघताना बायको त्याला म्हणाली होती की, अहो, चार दिवस कारखान्यात काय वाटेल ते करा, बाकीचे तीन दिवस झोपा, पण आज मी घरी येईन तेव्हा आईंना ते कळलं पाहिजे.

दाराला गप्प करणं त्याला झोपेतही जमलं असतं. बोलतं कसं करायचं, हे कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने बिजागरीची खीळ साबणाने धुतली, पॉलिश पेपरने घासली, हातोडीने जराशी वाकवली. परत बसवून दार उघडलं. दार बदकासारखं ओरडलं.

"हा कोणीतरी परका आहे," आई खुर्चीतून म्हणाली. "आणि माणूस बरा वाटत नाही."

त्याने पुन्हा खोललं. पुढच्या खेपेला आईच्या मते दार खोटं बोलत होतं. त्यानंतर ती म्हणाली, ठीक आहे, पण याला सर्दी झाली आहे. दुपारपर्यंत तिची पाठ भिंतीपासून सुटली होती. उन्हं कलली तेव्हा ती चक्क दाराशी उभी होती, फळीला कान लावून, आणि वरची जरा सैल सोड, खालचीला हात लावू नकोस, असे हुकूम देत होती. कारखान्यात त्याच्या डोक्यावर इतकं बारीक कोणी बसलं नव्हतं.

शेवटी दार असं काही कुरकुरलं की आई मान डोलावून म्हणाली, आता सूनबाईला यायला हरकत नाही. त्याने सहज विचारलं, मी येतो ते कशावरून ओळखतेस?

"तू अर्धं दार उघडून थांबतोस. मग आत येतोस. रोज."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने थोडा विचार केला. "बिजागरी ऐकत असेन. सवय."

आई दाराची कडी चाचपत राहिली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "आत यावं की नाही, हे तुझं ठरत नसतं."

त्याने हातातली हातोडी खाली ठेवली, बाहेर गेला, दार ओढून घेतलं. जिन्यात जरा उभा राहिला. मग दार उघडून, कुठेही न थांबता, सरळ आत आला. दार एका दमात कुरकुरलं.

"कोण आहे?" आईने विचारलं. पाहुण्याला विचारावं तसं.

"मी."

"तू असा कधीपासून यायला लागलास?"

"आजपासून."

एकदा ऐकून लक्षात राहत नाही म्हणत आईने त्याला परत बाहेर पाठवलं. तो गेला, आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी ती खात्री करून घ्यायची, आणि खात्री झाली की म्हणायची, आणखी एकदा.

जिन्याच्या खिडकीबाहेर सूर्य समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे उतरायला लागला होता. तपासनीस खिडकीशी थांबला, शर्ट नीट खोचला आणि सूर्याकडे बघत, साहेबांशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "महोदय, काम अपूर्ण आहे. तरी सदर शुक्रवारला मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."