गाडी थंड असताना

बेकरीवाल्याच्या बायकोने बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"काका, गाडी गरम आहे."

शिंप्याने खांद्यावरच्या फडक्याने आरसा पुसला. मघाशीच पुसला होता. विकायला काढलेली गाडी बघायला दहाला येतो म्हणालेले हे दोघं आठलाच दारात हजर, म्हणजे त्यांना खेळ माहीत होता. त्यालाही होता. ही गाडी घेताना त्याच्या बायकोनेच तो शिकवला होता. सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचायचं आणि पहिला हात बॉनेटला लावायचा. "नवरा तापला की कळतो," ती म्हणायची, "जुनी गाडी थंड असताना कळते."

"गार असली की सुरू होत नसेल," बेकरीवाला बायकोला म्हणाला. हळूच, पण ऐकू जाईल असं. "म्हणून आधीच तापवून ठेवलीय."

"तसं नाही हो. ऑइल कधी चुकवलं नाही. बारीकसा आवाज आला तरी त्याच दिवशी गॅरेजला दाखवायचो. दुखणं अंगावर काढलं की खर्च वाढतो."

"मागच्या गाडीचा मालकही असंच गोड बोलला होता," बेकरीवाला म्हणाला. "अजून धक्का मारतोय आम्ही तिला. पहाटे पाव पोचले नाहीत तर गिऱ्हाईक थांबतं का, काका? या वेळी फसलो तर बेकरीला कुलूप."

शिंप्याने डिकी उघडली, आत काहीच नव्हतं, बंद केली.

"सकाळी कुठे नेली होती?" बाईने विचारलं.

"दवाखान्यात."

"कोण आजारी आहे?"

"आता कोणी नाही." तो डिकीचं कुलूप चाचपत राहिला. "तिला न्यायची वेळ झाली की घरात बसवत नाही. तिथल्या फाटकापर्यंत जातो आणि वळवून आणतो."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"उद्या येतो," बाई म्हणाली. "तेवढी उद्या बाहेर काढू नका."

शिंप्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"अहो, किल्ली कशी नेऊ आम्ही?"

"न्या. माझ्याजवळ राहिली तर उद्याही गरमच सापडेल."

"दुसरी असेलच की घरात," बेकरीवाला म्हणाला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

शिंपी आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात दुसरी किल्ली होती, मापाच्या टेपचा तुकडा बांधलेली. टेप सोडून त्याने खिशात घातली आणि किल्ली तेवढी दिली.

दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आले. शिंपी पायरीवर बसला होता. बाईने बॉनेटला हात लावला, मग दुसराही लावला. बेकरीवाल्याने किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली आणि एका लयीत चालू राहिली.

बाई हसली. "काका, आज बसवलं म्हणायचं घरात."

शिंपी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. बूट घोट्यापर्यंत धुळीने पांढरे झाले होते.

"जाऊन आलो," तो म्हणाला. "गाडीत कधी कळलं नव्हतं. बरंच लांब आहे."