सोळावं रीळ

"सिनेमा संपला की ह्याला घेऊन जा," केसरीनाथ बहिणीला म्हणाला. बापाकडे त्यानं बघितलंही नाही. दाराशी गाठोडं होतं. त्यात बापाचे, सावळारामचे, दोन शर्ट, एक लेंगा आणि चष्म्याची डबी. ते केसरीनाथनं सकाळीच बांधून ठेवलं होतं.

शुक्रवार होता, सुट्टीचा वार. नारपोलीतले लूम, कापडाचे यंत्रमाग, बंद होते. एरवी ह्या खोलीत ओरडून बोलावं लागायचं. आज हळू बोललेलंही मनाला लागत होतं.

बहीण कमळ कोन गावाहून आली होती ती बापाला न्यायला. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे उरलीसुरली अब्रूही गेली, असं सावळारामला वाटत होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. मंगळवारी तो पुन्हा पिऊन गटाराच्या कडेला सापडला होता. शेजाऱ्यांनी त्याला उचलून आणलं, तेव्हा केसरीनाथच्या शेठचा माणूस घरात बसलेला होता.

येताना कमळनं स्टँडवरून सीडीची जोडी आणली होती. बापानं जाण्याआधी ह्या घरात एकदा तरी हसावं, एवढाच तिचा हिशेब. सिनेमा तिच्या लहानपणीचा. त्यात मगर उडायची. चेटक्याच्या दाढीत साप होते. एक पोपट चोचीनं खंजीर फेकायचा आणि तो दर वेळी नेमका लागायचा. मगरीच्या पोटाखालची तार आता टीव्हीवर स्पष्ट दिसत होती.

"दादा, मगर बघ ना," कमळ हसत म्हणाली. "तिच्यावर बसायचं म्हणून मी केवढी रडले होते."

"ह्याच सिनेमानं वाटोळं केलं आपलं," केसरीनाथ म्हणाला. "आणि तू दात काढतेस."

"सिनेमानं काय केलं?"

"सिनेमानं न्हाय, ह्यानं केलं."

सावळाराम तेव्हा टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर होता. सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, त्यानं शेवटी भलतंच रीळ लावलं. चेटक्याचं मुंडकं उडाल्यावर पडद्यावर दुसरंच काहीतरी सुरू झालं असतं तरी चाललं असतं. मुंडकं उडालंच नाही. पब्लिक त्याच्यासाठीच आलं होतं. त्यांनी खुर्च्या मोडल्या. मॅनेजर जिना चढून केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "प्यायलास का?" सावळाराम "हो" म्हणाला. तेरा वर्षांचा केसरीनाथ जिन्यात उभा होता. नोकरी त्याच संध्याकाळी गेली. जूनमध्ये आठवीत जायच्या ऐवजी तो लूमवर उभा राहिला. त्याला तेवीस वर्षं झाली.

टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका चमकून गेला. सावळारामचं बोट आपोआप वर झालं. असा ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनवरचं पुढचं रीळ सुरू करायचं, ही जुनी सवय.

"पंधरा," तो पुटपुटला. कमळ आल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

पंधराव्या रिळात चेटक्यानं राजपुत्राच्या आईचा दगड केला. कमळ पुढे सरकली.

"आता बघ, दादा. आता ती परत माणूस होते. पोराला जवळ घेते, हातानं भात भरवते."

ठिपका आला. "सोळा," सावळाराम म्हणाला आणि त्यानं मान भिंतीकडे वळवली.

तलवारी खणखणल्या. मगर आडवी आली. मुंडकं उडालं. राजपुत्र धावत येऊन आईच्या दगडी पायांवर कोसळला. दगड हलला नाही. 'समाप्त' अशी अक्षरं आली.

"कापलंय ह्यांनी," कमळ म्हणाली. "मेल्यांनी शेवट कापलाय. मी बघितलंय ना. केबिनमधल्या भोकातून, बाबाच्या मांडीवर बसून. ती भात भरवते."

"येडी हायस काय? भात तिनं सुरुवातीला भरवला. आताच तर बघितलास, पहिल्या सीडीवर."

"शेवटी भरवते. माझी शप्पथ."

केसरीनाथला त्या शनिवारचं भलतंच रीळ आठवलं. मग पहिल्यांदा त्यानं बापाकडे बघितलं.

"दोन नंबरचं रीळ व्हतं त्ये, भात भरवायचं," सावळाराम भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "तुमची आय जाऊन चौदा दिस झालं व्हतं. घरी कोण न्हाय, म्हणून हिला केबिनमधी बसवायचो. शुक्रवारी हिनं तो दगड बघितला. घरी येऊन जेवली न्हाय, बोलली न्हाय. शनिवारी मी सोळावं डब्यात ठेवलं, आन् दोन नंबरचं चढवलं."

बाहेर कमळनं सांगून ठेवलेल्या रिक्षाचा हॉर्न वाजला. कुणी उठलं नाही.

"मॅनेजरला हो कशाला म्हणालास?" केसरीनाथनं विचारलं. आवाज चढलेलाच होता.

"त्यानं त्येवढंच इचारलं. पोरीसाठी खुर्च्या मोडून घेतल्या, असं सांगू काय त्याला?"

"किती प्यायला होतास?"

"थेंब न्हाय. तवर मला दारूची चव ठाव नव्हती."

हॉर्न पुन्हा वाजला. कमळनं डोळे पुसले आणि ती गाठोडं उचलायला वाकली. केसरीनाथनं ते पायानं मागे सारलं आणि तो दारात गेला.

"भाई, वापस जाओ," तो रिक्षावाल्याला म्हणाला. "सवारी नहीं है."