ढोल परत येतो तिथे

“बंद कर ते!”

ढोल परत यायला आणि पलीकडच्या ओसरीतून म्हातारा गुणाकर ओरडायला एकच गाठ पडली. रोजच पडायची. रजतने दातओठ खाल्ले आणि आवाज आणखी वाढवला.

साडेनऊ मिनिटांची ती ट्रान्स नावाच्या परदेशी नाचसंगीताची धून. शब्द नाहीत, गाणारा नाही. सहा वर्षांपूर्वी गोंदियाच्या एका दुकानातून त्याने ती भरून आणली होती. तेव्हापासून तीन कॅसेटी झिजल्या, धून झिजली नाही. आधी नुसता ठोका, मग त्यावर एकेक सूर हळूच येऊन बसणार. सहाव्या मिनिटाला ढोल एकदम थांबतो, एक बारीकशी सुरावट एकटीच वर चढत जाते, आणि आता येईल, आता येईल म्हणता म्हणता ढोल कोसळतो. केव्हा कोसळणार हे रजतला तोंडपाठ होतं. तरी दर वेळी त्याचा श्वास अडकायचाच.

खाणीतून आला की हातपाय धुवायचे आणि साडेपाचला डेक लावायचा, हा त्याचा नेम. डेक खिडकीतल्या फळीवर असायचा. त्याचे हिरवे दिवे ठोक्याबरोबर नाचायचे आणि ढोल परत आला की थेट लाल पट्टीपर्यंत उसळायचे.

नेमकं तिथेच म्हाताऱ्याच्या पोटात दुखायचं. कान इतके तिखट, की चाळीतले लोक कौतुकाने सांगायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पण माज जात नव्हता. मागून हाक मारली तर वळायचा नाही. बायकोने, सत्यभामाकाकूंनी, बाही ओढली की मगच मान फिरवायचा. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असा टक लावून बघायचा, की समोरच्याने चाचरावं. रजतला तो डोळ्यांसमोर नको असायचा.

एकदा श्रद्धाने, रजतच्या बायकोने, खिडकीला जाड पडदा लावला. धून रोज वाजूनही आठ दिवस म्हातारा गप्प होता. पण बालाघाटच्या मे महिन्यात पडदा लावून बसणार कोण? रजतने तो ओढून काढला. नवव्या दिवशी कटकट पुन्हा सुरू.

इथवर हे शेजाऱ्यांचं भांडण होतं. मग खाणीतल्या महागूचा पाय गेला.

भरवेलीच्या पुढे एका ठेकेदाराची छोटी खाण होती, तिथेच हे सगळे कामाला. सुरुंग उडवण्याआधी तीनदा भोंगा वाजवणं रजतचं काम. भोंगा ऐकला की कॉम्प्रेसर बंद करवून माणसं हलवणं गुणाकरचं. त्या दिवशी सुरुंग उडाला तेव्हा महागू कॉम्प्रेसरपाशीच होता. धोंडा मांडीवर आला. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्याला काय ऐकू येणार? बाकीचे टेकाडापलीकडे चहा पीत होते. भोंगा रोजच वाजतो; आज वाजला की काल, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगेना.

गुणाकर तेवढा सांगत होता. तो कॉम्प्रेसरपासून लांब, भोंग्याच्या खांबाखालीच उभा होता.

“भोंगा वाजलाच नाई. लेकरायची आन घेऊन सांगतो.”

सोमवारी चौकशी होती. नोकरी जाणार, वर पोलिसांची केस होणार. रजतच्या अंगठ्याला ते बटण अजून जाणवत होतं. तीनदा दाबलेलं. म्हाताऱ्याने एका गाण्यापायी आपल्याला उभं गाडलं, या विचाराने त्याचं रक्त उकळायचं.

शनिवारी युनियनचा सेक्रेटरी पुनाराम घरी आला. खाटेवर बसून त्याने बशीत चहा ओतला.

“लिहून दे, विसरलो म्हणून. सजा कमी करवतो.”

“वाजवला मी भोंगा, पुनारामभाऊ.”

“मंग गुणाकर खोटा? अबे, ज्याले तुया ढोलाचा ठोका न् ठोका तिकडून आयकू येते, त्याले डोक्शावरचा भोंगा आयकू नाई येणार? साहेबाले बी मी हेच सांगतलं.”

“दुश्मनी काढून राह्यला थो.”

“रोज तूच गाना लावते, अन् दुश्मन थो?”

साडेपाच झाले होते. सवयीने रजत उठून डेककडे गेला, तशी श्रद्धाने वाट अडवली. मलाजखंडच्या भावाकडून आणलेला हेडफोन तिच्या हातात होता.

“सोमवारपर्यंत त्यायले डिवचू नका. पाया पडते तुमच्या.”

स्वतःच्या घरात चोरून ऐकायचं! रजतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण धून नसली तर पुनारामसमोर डोळे भरून येतील, ही भीती त्याहून मोठी होती. त्याने हेडफोन डेकमध्ये खोचला. तो खोचला की स्पीकर बंद पडायचे, दिवे तेवढे चालू राहायचे. मग तो खिडकीखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि डोळे मिटले.

ठोका आला. सूर येऊन बसू लागले. सोमवार मागे पडला, महागूचा पाय मागे पडला. सहा वर्षांत धुनीने त्याला एकदाही दगा दिला नव्हता. ढोल थांबला. सुरावट एकटी वर चढू लागली. आता येईल, आता येईल. ढोल कोसळला.

रजतने डोळे उघडले. समोर पुनारामची बशी ओठांपाशीच थांबली होती आणि चहा धोतरावर सांडत होता. श्रद्धाने तोंडावर पदर धरला होता. दोघंही खिडकीकडे बघत होते.

रजतने हेडफोन कानांवरून काढला आणि उठून डेकचं बटण दाबून धून थांबवायला हात नेला, पण तो हात तसाच राहिला. व्होल्टेज पडतं म्हणून पंखासुद्धा बंद ठेवलेल्या त्या चिडीचूप खोलीत पलीकडच्या ओसरीतून गुणाकरचा आवाज येत होता, आणि म्हाताऱ्याचं बोट फळीवरच्या लाल दिव्यांकडे रोखलेलं होतं.

“काहून बे, आज तं रोजच्याहून बी जोरात लावलं! कान फुटले माये!”