एक ट्रॉली विटा

ब्राह्मीचं लग्न होऊन ती साताऱ्याला नांदायला गेली, त्या वर्षीच्या कार्तिकात तिचा बाप भरतेश एका पहाटे न्हाणीच्या दाराआड अनवाणी उभा होता. हातात काठी होती. समोर अंगणात त्याची काळी गाडी, आणि गाडीपलीकडं विटांचा ढीग. सोमवारी गवंडी यायचा होता. अंगणाच्या मधोमध भिंत घालायची. अलीकडं आपण, पलीकडं धाकटा भाऊ धवल. मनाशी सगळं ठरलं होतं. फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

लेकीला भेटायला सांगलीहून साताऱ्याला जाता यावं म्हणून त्यानं ही गाडी घेतली. पहिल्या महिन्यातच तिच्यावर बारीक ओरखडे उठले. ऊन तिरपं पडलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यागत गोल गोल रेघा दिसायच्या. पॉलिशवाल्या अजमलकडं नेऊन त्यानं मशीन फिरवून घेतलं, पॉलिशचं मलम लावून घेतलं. गाडी आरशासारखी झाली. पंधरवडा गेला नाही तोवर जाळं परत आलं. दुसऱ्या खेपेला अजमल हात पुसत म्हणाला, "पाव्हणं, ह्ये रस्त्यावरचं न्हाई. घरातल्याच कुणाच्या तरी हाताचं हाय."

ते भरतेशच्या डोक्यात रुतून बसलं. घरात हात तरी किती? बायको उत्कर्षा गाडीच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. नुसतं दार उघडलं तरी तिला मळमळायचं. आई चंदनबाला ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. राहिले धवल आणि त्याची बायको स्वप्नाली. गाडी दारात आली त्या दिवशी स्वप्नालीनं चेष्टा केली होती, आता आमच्या फटफटीनं रस्त्यावर झोपायचं म्हणा की भावजी. तेव्हा सगळेच हसले होते. आता ते हसणं आठवलं की तो उठून गाडीभोवती एक चक्कर मारून यायचा.

मग तो खुणा हुडकायला लागला. दारांखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर पांढरे डाग दिसू लागले. चुना म्हणावा तर चुना नव्हे. नखानं खरवडलं की भुकटी निघायची. कुणीतरी मुद्दाम काहीतरी फासतंय, अशी त्याची खात्री पटली. कधी कधी बॉनेटवरचं जाळं विरळ झालेलंही दिसायचं, पण तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. धवलशी बोलणं त्यानं आधी कमी केलं, मग सोडलं. काय झालं म्हणून धवलनं विचारलं नाही, आणि हे न विचारणंच भरतेशला कबुलीसारखं वाटलं.

विटांची ट्रॉली अंगणात रिकामी झाली तेव्हा आई काठी टेकत आली. विटांवरून हात फिरवत तिनं विचारलं, कशाला रं ह्या? गाडीला शेड करायचंय, असं सांगून तो मोकळा झाला. बरं झालं, ती म्हणाली, रातभर किती जीव बसत्यात तिच्यावर.

त्या पहाटे तो दाराआड येऊन उभा राहिला तेव्हा आई अंगणातून घरात परतताना दिसली. तिला लवकर उठायची सवयच होती. थोड्या वेळानं पलीकडची कडी वाजली आणि धवल बाहेर आला. इकडंतिकडं बघत गाडीजवळ गेला. डाव्या दाराशी उकिडवा बसला, खिशातून काहीतरी काढून फडक्याला लावलं आणि दार घासायला लागला. भरतेशचं डोकं तापलं. चार ढांगांत तो पोचला आणि त्यानं भावाची मानगूट धरली.

धवलनं सोडवून घेतलं नाही. त्याच्या हातात मलमाची ट्यूब होती. अजमलच्या दुकानात असायची तसलीच. घासलेल्या जागी दार चकाकत होतं.

"हळू, दादा," तो म्हणाला. "आई जागी हाय. आत्ताच गाडी पुसून आत गेलीया."

मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. अंगणातल्या दिव्यावर आलेले किडे, पाकोळ्या रात्रभर गाडीवर बसतात. सकाळी गाडी चालू झाली की ते मरतील, म्हणून आई रोज पहाटे जुन्या लुगड्याची घडी घेऊन त्यांना अलगद खाली उतरवते. पाण्यानंही जीव मरतात, म्हणून लुगडं ओलं करत नाही. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळी गाडी चाचपून पुसते. धुळीवरून कोरडं लुगडं फिरतं आणि रेघा उठतात. त्या घालवायला धवल तिच्या मागून येतो. हात सराईत नव्हता; मलम प्लास्टिकच्या पट्टीवर जायचं आणि पांढरं होऊन वाळायचं. ते काढायला त्यानं दातांचा जुना ब्रश आणला होता, पण तेवढ्यात उजाडायचं.

"मला का सांगितलं न्हाईस?" भरतेशनं विचारलं.

"तू तिला बोलला असतास. अन् तिनं पुसायचं सोडलं असतं."

एवढं बोलून धवलनं विटांकडं बघितलं. भिंतीचं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. भरतेशनं काठी विटांच्या ढिगावर ठेवली, त्याच्या हातातली ट्यूब घेतली आणि गाडीच्या पलीकडच्या दाराशी जाऊन बसला.

सोमवारी गवंडी आला. भिंतीसाठी दोरी कुठं धरायची, असं त्यानं विचारलं. भरतेशनं त्याला शेडची जागा दाखवली. शेडात दिवा मात्र लावला नाही. तरी आई रोज यायचीच, आणि तिच्या मागून दोघं भाऊ.

गाडी पॉलिशला नेली की अजमल अजूनही विचारतो, डाव्या दारावरचं तेवढं जाळं का ठेवलंय. ते पुढच्या भाद्रपदातलं, अनंत चतुर्दशीच्या पहाटेचं आहे. त्याच सकाळी, गाडी पुसून झाल्यावर, आई वारली.