टाचणी

बाईंनी हात पुढे केला, पण पलंगावर बसलेल्या रुग्णाने तो घेतला नाही.

"का हो?" दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं.

"नको वाटतं." तो ओशाळला. "आपण पहिल्यांदाच भेटतोय ना?"

भेटत होते रोज. काल बाईंनी बोटांत टाचणी लपवून त्याचा हात हातात घेतला होता. तळव्यातून रक्त आलं. पाच मिनिटांत तो टाचणी विसरला, बाईंनाही विसरला.

"बघितलंत?" बाई इन्स्पेक्टरांकडे वळल्या. "डोक्यात काही राहत नाही, पण अंगात राहतं. ज्या हाताने मारलं, तो समोर आला की अंग आपोआप मागे सरतं."

कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या बायकोने हात पदराखाली घेतले.

दीड महिन्यापूर्वी कुणीतरी स्वयंपाकघरात तिच्या नवऱ्याच्या डोक्यात पहार घातली होती. चार घाव. कवटी फुटली, रक्त छतापर्यंत उडालं. तो वाचला, पण तेव्हापासून जुनी माणसं तेवढी ओळखायचा, नवं काही टिकत नव्हतं. ती तेव्हा दुकानात गेली होती, असं तिने जबानीत सांगितलं होतं. इन्स्पेक्टर दिराच्या मागे हात धुऊन लागले होते. घराच्या वाटणीवरून त्याने भर रस्त्यात भावाला जिवे मारायची धमकी दिली होती.

दिराला आत आणलं. त्याने घाबरत हात पुढे केला.

नवऱ्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. "अरे, किती वाळलास! जेवतोस ना नीट?"

"दादा," एवढंच म्हणून दीर हमसून रडायला लागला.

इन्स्पेक्टरांचा चेहरा पडला. "म्हणजे हा नव्हे?"

"घाई नको," बाई म्हणाल्या. "तुलनेला आणखी एक घरचं माणूस हवं. तुम्ही या हो जरा."

बायको उठली. ती पलंगापाशी जाऊन उभी राहिली. हात काही पुढे होईना.

नवऱ्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. इतकं निर्मळ हसू तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

"ये ना, अशी लांब का?" म्हणत त्याने आपणहून हात उचलला.

तिने दोन्ही कोपरं तोंडावर घेतली आणि भिंतीला घासत ती खाली बसली.

"चुकलं माझं," ती पुटपुटली. "तोंडावर नको."

मग इन्स्पेक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"ताई," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं सोसलंत?"